बारूख हाबा : येणाऱ्याला आशीर्वाद

इस्राएलमध्ये गावाच्या वेशीवर हिब्रू अक्षरांतला हा फलक हमखास दिसतो : ‘ब्रुखीम हाबाईम’. घराच्या दारातही हेच शब्द ऐकू येतात. एकटा पुरुष आला तर ‘बारूख हाबा’, बाई आली तर ‘ब्रुखा हाबाआ’, आणि सगळे मिळून आले तर ‘ब्रुखीम हाबाईम’. जो आला आहे, तो आशीर्वादित असो. पाहुण्यानं अजून उंबरठाही ओलांडलेला नसतो, कशासाठी आलात हे कुणी विचारलेलं नसतं, आणि आशीर्वाद देऊन झालेला असतो.

हे शब्द बायबलमधल्या 118व्या स्तोत्रातले. त्या स्तोत्रात एक दार आहे. बाहेर उभा असलेला भक्त म्हणतो, नीतीची दारं माझ्यासाठी उघडा. पुढे सव्विसाव्या वचनात त्याचं स्वागत होतं : परमेश्वराच्या नावानं येणारा आशीर्वादित असो, परमेश्वराच्या घरातून आम्ही तुम्हांला आशीर्वाद देतो. जेरुसलेमचं ते घर, म्हणजे तिथलं मंदिर, रोमन सैन्यानं इसवी सन 70मध्ये जाळलं. स्तोत्र मात्र ‘हल्लेल’ या प्रार्थनेतून आजही सणासुदीला सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघरात, गायलं जातं. येशू जेरुसलेमात आला तेव्हा लोकांनी याच वचनानं त्याचा जयजयकार केला, असं शुभवर्तमानं सांगतात. झावळ्यांच्या रविवारी मराठी चर्चमध्येही ते ऐकू येतं.

मला सर्वांत मोलाची वाटते ती तालमूद या यहुदी धर्मग्रंथातली जोड. तिथं या स्तोत्राच्या ओळी वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी वाटून दिल्या आहेत, आणि ‘बारूख हाबा’ ही ओळ दिली आहे इशायला. इशाय म्हणजे दावीद राजाचा बाप. शमुवेल संदेष्टा नवा राजा निवडायला त्याच्या घरी आला, तेव्हा इशायनं एकेक करून सात मुलगे पुढे केले. धाकट्या दावीदला बोलावलंच नाही; तो रानात मेंढरं राखत होता. शमुवेल म्हणाला, तो इथं येईपर्यंत आपण पंगतीला बसायचं नाही. ज्या बापाला आपल्या मुलाची आठवणही झाली नव्हती, त्याच्याच तोंडून तालमूदच्या पंडितांनी म्हणवून घेतलं : येणारा आशीर्वादित असो. या दोन शब्दांवर यापेक्षा मोठं भाष्य मी वाचलेलं नाही.

आता हा सोहळा पाहा. मुलगा आठ दिवसांचा झाला आहे, आज त्याची सुंता आहे. बाळाला आत आणलं, की जमलेले सगळे उभे राहतात आणि म्हणतात, ‘बारूख हाबा!’ हिब्रूत प्रत्येक अक्षराला संख्येचं मोल असतं. ‘हाबा’ची तीन अक्षरं पाच, दोन आणि एक, बेरीज आठ, म्हणजे बाळाचा आठवा दिवस. तीच तीन अक्षरं एकेका शब्दाची आद्याक्षरं मानून ‘पाहा, एलीया आला’ असंही वाचतात. एलीया संदेष्टा प्रत्येक सुंतेला हजर असतो अशी श्रद्धा आहे, म्हणून इथं त्याच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवलेली असते.

हा एलीया कोकणाला परका नाही. अलिबाग परिसरातले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी ‘शनवार तेली’ म्हणत, त्याला ‘एलियाहू हान्नाबी’ म्हणून आळवतात आणि त्याच्या नावानं मलिदा करतात. या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांनी मुंबईत 1796मध्ये पहिलं सिनेगॉग उभारलं, त्याचं नाव ‘शार हारहमीम’, दयेचं दार. त्यांच्या लग्नात वधू सिनेगॉगमध्ये येताना वर स्वतः ‘योनाती झीव’ हे गीत गातो. येणारीचं स्वागत तोच करतो. 1948नंतर यांतले बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथं अजूनही कितीतरी घरांत मराठी बोललं जातं.

तुम्हांला कुणी ‘बारूख हाबा’ म्हटलं, तर त्यालाही ठरलेलं उत्तर आहे : ‘बारूख हानिम्त्सा’. जो आधीपासून इथं आहे, तोही आशीर्वादित असो. घरात बरेच जण असतील तर म्हणा, ‘ब्रुखीम हानिम्त्साईम’.