चाच्यांच्या जहाजावरची सासू

मंडळी, आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचंय तो फक्त दोन रिळांचा आहे, म्हणजे साधारण वीस मिनिटांचा. नाव 'कॅप्टन किड्स किड्स', १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत लागला. हिरो मूकपटांतला विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड, हिरॉईन बीबी डॅनियल्स, नोकराच्या कामात स्नब पोलार्ड, त्या खाली लोंबणाऱ्या मिशांचा, आणि डायरेक्टर हॅल रोच.

गोष्ट सोपी आहे. श्रीमंत पोरगा, लग्न ठरलेलं, रात्री मित्रांबरोबर दणकून पार्टी आणि सकाळी डोकं धरून बसलेला असताना होणारी सासू दारात हजर. बाई भडकते, पोरीला घेऊन बोटीने कॅनरी बेटांकडे निघते, आणि हा नोकराला घेऊन मागोमाग. मग त्याला स्वप्न पडतं की आपण चाच्यांच्या जहाजावर सापडलोय, आणि ते चाचे कोण, तर सगळ्या बायका, आणि त्यांची कप्तान कोण, तर हीच सासू!

मला हा सिनेमा आवडतो तो इथेच. नुसते तलवारी घेतलेले चाचे दाखवले असते तर ते कपड्यांचं सोंग झालं असतं, दोन मिनिटांत कंटाळा आला असता. इथे सकाळी दिवाणखान्यात बसलेली भीतीच रात्री समुद्रावर येते, म्हणून हसू येतं. सासू घरातही कप्तानच होती की, स्वप्नाने तिला फक्त जहाज दिलं.

नावातला किड मात्र खरा माणूस, समुद्री चाचा विल्यम किड, आणि त्याचा आपल्या किनाऱ्याशी संबंध आहे. १६९७ मध्ये तो कारवारला येऊन गेला, आणि १६९८ च्या जानेवारीत कोचीनजवळ त्याने 'केदाह मर्चंट' नावाचं मालाने भरलेलं मोठं जहाज पकडलं, जे बंगालहून सुरतेला चाललं होतं. त्यावरून मुघल दरबार खवळला, ईस्ट इंडिया कंपनीची पंचाईत झाली, आणि १७०१ मध्ये लंडनला त्याला फाशी दिली. पहिल्यांदा दोर तुटला, म्हणून पुन्हा चढवला. असल्या माणसाचं नाव पुढे पुरलेल्या खजिन्याच्या गोष्टींमुळे अमेरिकेत पोराटोरांच्या तोंडी बसलं.

आता एक गोष्ट, जी कळल्यापासून मी हा सिनेमा वेगळ्याच नजरेने बघतो. ऑगस्ट १९१९ मध्ये फोटो काढताना लॉइडच्या हातात नकली समजून दिलेला बॉम्ब फुटला, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली, काही काळ दिसतही नव्हतं. या सिनेमाचं शूटिंग त्याआधीच झालेलं होतं. पुढे १९२३ मध्ये ज्या सिनेमात तो घड्याळाच्या काट्याला लटकतो त्यात उजव्या हातात नकली बोटांचा हातमोजा आहे. इथे मात्र दोन्ही हात पूर्ण त्याचेच आहेत, त्यामुळे पकडापकडीत तो काय काय धरतो ते नीट बघा.

आणि बीबी डॅनियल्सचा त्याच्याबरोबरचा हा शेवटचा सिनेमा. ती लहान असल्यापासून त्याच्या जोडीला होती, आता अठरा वर्षांची झाली होती आणि मोठ्या ड्रामा फिल्म करायला डायरेक्टर सेसिल डीमिलकडे गेली. तिच्या जागी मिल्ड्रेड डेव्हिस आली, जिच्याशी लॉइडने १९२३ मध्ये लग्नही केलं. मिल्ड्रेड गोडच होती, पण बीबीच्या डोळ्यांत जी मस्ती होती ती त्याच्या पुढच्या सिनेमांत मला परत दिसली नाही.