अंडं नको, दूध नको, तरी फुगायला हवं

(मालवण परिसरात घरगुती निवास-न्याहारी चालवणाऱ्या मंडळींसमोर रसायनशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचं संपादित रूप.)

मंडळी, नमस्कार.

विषय दिलाय ‘वीगन पाहुण्यांची न्याहारी’, म्हणजे प्राण्यांकडून आलेलं काहीच न खाणाऱ्यांची. तो फार मोठा आहे, त्यातला एकच पदार्थ मी घेणार आहे, पॅनकेक. पोहे, उपमा, घावन, काळ्या वाटाण्याची उसळ यांत अंडं नाही आणि दूधही नाही, त्यामुळे तिथे कुणाचं काही अडत नाही. अडतं पॅनकेकपाशी. तारकर्ली-देवबागला डायव्हिंगसाठी येणारी मुलं तो मागतात, वेंगुर्ल्याला आठ-आठ दिवस राहणारी परदेशी जोडपीही मागतात. त्यातलंच कुणीतरी आदल्या रात्री सांगतं, आम्हाला अंडं, दूध, लोणी काही चालत नाही. मग स्वयंपाकघरात अंडं वगळून, दुधाच्या जागी पाणी घालून काहीतरी थापलं जातं. ताटात येतं ते चिवट तरी असतं, नाहीतर आतून गिच्च.

म्हणून आधी हे बघू, की अंडं तिथे करत काय होतं.

पदार्थ फुगायला दोन गोष्टी जमून याव्या लागतात. पिठात वायू तयार व्हायला हवा, आणि तो निसटून जायच्या आत भोवतालचं पीठ शिजून घट्ट व्हायला हवं. दोन्हींची वेळ जुळली तर फुगलं. वायू आधी सुटला आणि पीठ मागाहून शिजलं, तर बसलं. आता बघा, अंडं वायू तयार करत नाही. पांढरा बलक वेगळा फेटून घातला तर हवा भरता येते, पण ते जपानी पद्धतीचे उंच पॅनकेक झाले, रोजचे नव्हेत. रोजच्या पॅनकेकमध्ये अंड्याचं काम दुसऱ्या बाजूचं. त्यातली प्रथिनं साधारण साठ-पासष्ट अंश सेल्सिअसला गोठायला लागतात आणि बुडबुड्याभोवतीची भिंत पक्की करतात. पण हे काम तिथे एकटं अंडं करत नाही. मैद्यात ग्लुटेन नावाचं चिवट प्रथिन आहे, तेही जाळं विणतं. मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, तोही त्याच सुमाराच्या तापमानाला. म्हणजे पॅनकेकमध्ये अंडं मदतनीस आहे, मुकादम नाही. स्पंज केकची गोष्ट निराळी, तिथे अंडं काढणं अवघड. पॅनकेकचं तसं नाही.

दूध काय देतं? बरंचसं पाणी, थोडा स्निग्धांश, आणि वर तांबूस रंग यावा म्हणून साखर आणि प्रथिनं. ताक घातलं तर आंबटपणा. यातल्या प्रत्येक गोष्टीला आपल्या फळीवर पर्याय आहे.

आणि हा विचार काही आजचा नाही. बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे आणि यीस्टही सोसत नसे. त्यांनी १८३७ साली कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि १८४३ साली यीस्टशिवाय पाव फुगावा म्हणून बेकिंग पावडर केली. ‘वीगन सोसायटी’ इंग्लंडमध्येच निघाली, पण १९४४ साली, म्हणजे शंभर वर्षांनी. तुमच्या कपाटातला बेकिंग पावडरीचा डबा मुळात अशा बायकोसाठी झालेला आहे.

बेकिंग पावडरीत सोडा असतो, कोरडं आम्ल असतं आणि ओल शोषायला मक्याचा स्टार्च असतो. पाणी लागलं की आम्ल आणि सोडा एकमेकांना भिडतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पावडरी दोन टप्प्यांत काम करतात. थोडा वायू भिजवताना सुटतो, उरलेला तव्यावर तापल्यावर. दुसऱ्या टप्प्यावर आपली सगळी भिस्त, कारण तेव्हाच पीठ शिजत असतं. मात्र आपल्या किनाऱ्यावर या पावडरीचा एक शत्रू आहे, पावसाळी हवा. जूनमध्ये उघडलेला डबा गणपतीपर्यंत सैल झाकणाने राहिला तर आतल्या आत ओल धरून पावडर मरते. दिसायला तशीच दिसते. म्हणून पाहुण्यांच्या आधी अर्धा चमचा गरम पाण्यात टाकून बघा. जोरात फसफसली तर जिवंत. नुसती तळाला बसली तर टाकून द्या, तिथे हात आखडू नका.

आता प्रमाण सांगतो, लिहून घ्या. एक कप मैदा, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, दोन मोठे चमचे साखर. ओल्यात एक कप नारळाचं पातळ दूध, एक मोठा चमचा लिंबाचा रस, दोन मोठे चमचे तेल. पाव छोटा चमचा सोड्याला एक मोठा चमचा लिंबाचा रस हे गणित ढोबळमानाने बरोबर बसतं. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

नारळाचं दूध पातळ का, तर पहिला जाड रस फार स्निग्ध. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश, जाड रसात त्याच्या तिपटीच्या आसपास. तो तसाच ओतला की पॅनकेक जड होतो. दुसऱ्या वाटणाचा रस घ्या, नाहीतर जाड रसात निम्मं पाणी घाला. तेल कुठलंही चालेल. खोबरेल घालणार असाल तर फ्रीजमधलं गार दूध वापरू नका. चोवीस-पंचवीस अंशांखाली खोबरेल थिजतं आणि पिठात कण होतात.

कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. लिंबाऐवजी कोकमाचं आगळ नको. आंबट आहे, घरचं आहे, सगळं खरं, पण त्यात मीठ असतं. आणि कोकमाचा तो सुंदर लाल रंग आम्लातच लाल राहतो. सोड्याशी गाठ पडली की काळपट निळसर होतो. असा पॅनकेक पाहुण्यापुढे ठेवायला धीर लागेल. कोकम सोलकढीत शोभतं, तिथेच राहू दे. व्हिनेगर मात्र चालतं.

केळं कुस्करून घालतात, जवसाची पूड पाण्यात भिजवून घालतात, छोल्यांचं शिजवलेलं पाणी फेटतात. सगळे उपाय खरे आहेत. छोल्यांच्या पाण्याचा फेस तर थेट अंड्याच्या पांढऱ्यासारखा उभा राहतो, २०१४ च्या सुमाराला एका फ्रेंच माणसाने ते जगापुढे आणलं. पण साध्या पॅनकेकला यातलं काहीही लागत नाही. वेलची केळं चवीसाठी घातलंत तर उत्तम, फुगण्यासाठी घालू नका. त्याने ओल वाढते आणि आतून गिच्च होण्याची भीती वाढते.

कोरडं आणि ओलं वेगवेगळं ठेवा, तव्याशेजारी एकत्र करा. आणि इथे आपल्या हाताची सवय आडवी येते. भज्यांचं पीठ, घावनाचं पीठ आपण गुठळी राहिली तर कमीपणा मानतो. इथे गुठळ्या राहू द्यायच्या. मैदा जितका घोटाल तितकं ग्लुटेन ताठ होतं आणि बुडबुड्याला वाढू देत नाही. दहा-बारा वेळा डाव फिरवला, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. पाच-सात मिनिटं झाकून ठेवा, गुठळ्या आपोआप ओल पितात. तासभर मात्र ठेवू नका, वायू संपतो. पाहुणे टप्प्याटप्प्याने उठत असतील तर प्रत्येक खेपेला थोडं थोडं भिजवा. मैद्याने आधीच ओल धरली असेल, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, तर दूध दोन चमचे कमी घाला. पीठ डावातून धारेने पडू नये, गोळ्याने घरंगळावं.

आता तवा. बिडाच्या तव्यावर तुमचा हात बसलेला आहे, पण तो घावनावर बसलेला आहे. घावनाला तव्याची धग लागते. पीठ पातळ, तांदळात ग्लुटेन नाही. तापल्या बिडावर पीठ पडलं की पाण्याची वाफ होते आणि अडवायला कुणी नसल्यामुळे ती पीठ फोडून वर येते. त्याचीच जाळी. घावनाची जाळी म्हणजे निसटलेली वाफ, आणि आपल्याला ती हवीच असते. पॅनकेकमध्ये नेमकं उलटं, वायू आत कोंडायचा आहे. म्हणून आच मध्यमाहून थोडी कमी. पाण्याचा थेंब टाका. चुर्र होऊन दोन-तीन सेकंदांत विरला तर बरोबर. थेंब तव्यावर नाचत पळायला लागला तर तवा घावनाचा झाला. गॅस बारीक करून थोडा थांबा, बीड उशिरा तापतं तसं उशिरा निवतं. नारळाच्या शेंडीने तेलाचं बोट फिरवा, जास्त नको. पीठ घालून पसरवू नका. कडा कोरड्या दिसल्या आणि वरचे बुडबुडे फुटून भोक उघडंच राहिलं, परत भरून आलं नाही, की कालथ्याने एकदाच उलटा. उलटल्यावर कालथ्याने दाबायचं नाही. भाकरी दाबायची सवय असलेल्या हातांना हे जड जातं, मला ठाऊक आहे. दाबलंत की कमावलेला वायू गेला.

(मागच्या रांगेतल्या एका काकींनी इथे विचारलं, “मगे आमची खापरोळी काय वायट?” सभागृहात हशा पिकला.)

काकी, मी तिकडेच येत होतो. वाईट काय, माझ्या मते ती जास्त चांगली आहे. तीन वाट्या तांदूळ, वाटीभर उडीदडाळ, मूठभर पोहे, चमचाभर मेथी, हळद, हे प्रमाण घरागणिक थोडं बदलेल. त्यात अंडं नाही, दूध नाही, बेकिंग पावडरही नाही. रात्री वाटून ठेवलं की सकाळी भांड्यात वर आलेलं असतं. तो वायू पिठातले जिवाणू देतात, त्यांत ल्युकोनोस्टॉक नावाचे मुख्य. ते साखरेपासून आम्लही करतात आणि कार्बन डायऑक्साइडही, म्हणजे लिंबू आणि सोडा दोघांचं काम एकाच घरात. उडीद तो वायू धरून ठेवतो, त्यातली प्रथिनं आणि चिकट द्रव्यं मिळून फेस टिकवतात. मेथीचा बुळबुळीतपणाही तिथेच कामाला येतो. वायू करणारा वेगळा, धरणारा वेगळा, ही वाटणी आपल्या आज्यांनी हाताने शोधली होती. झाकण ठेवून मंद आचेवर केलेली जाड, लुसलुशीत खापरोळी आणि तिच्यावर गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस, हे वीगन पाहुण्यापुढे ठेवा. तो फोटो काढेल आणि पॅनकेक विसरेल. रस उकळू नका एवढंच, नारळाचं दूध उकळलं की फुटतं. गूळ वेगळा विरघळवून, निववून मग त्यात घाला.

अडचण वेळेची आहे. मे महिन्यात पीठ सहा-आठ तासांत येतं, पण दापोलीकडच्या थंडीत ते रात्रभरातही हलत नाही. पाहुणा रात्री दहाला आला आणि सकाळी सातला न्याहारी मागितली तर खापरोळी कशी देणार? मग काहीजणी पिठात सोडा टाकतात. टाका, पण चिमूटभर. जास्त झाला की हळदच चहाडी करते. शाळेत विज्ञानाच्या तासाला हळदीचा कागद केला होता, आठवतं? अल्कली लागलं की हळद लाल होते. खापरोळीवर तांबडे ठिपके दिसले तर सोडा जास्त पडलाय किंवा नीट मिसळला नाही. म्हणून घाईच्या सकाळी पॅनकेक, आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळलं असेल तर खापरोळी, असं मी करेन.

शेवटी वाढताना. पॅनकेकवर लोणी-तूप नाही, आणि मधसुद्धा नाही, मध मधमाश्यांचा. गुळाचा घट्ट पाक करून, निववून त्यात नारळाचं दूध मिसळा, आंब्याच्या दिवसांत हापूसच्या फोडी घाला. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या क्रीमच्या पुड्यावर भरवसा ठेवू नका. मागची बारीक अक्षरं वाचा, काहींत सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधातलंच प्रथिन.

तव्याबद्दलही विचारून घ्या. पाहुण्याने तत्त्व म्हणून अंडं सोडलं असेल तर ऑम्लेटचा तवा स्वच्छ घासून बहुतेकांना चालतो, तरी एकदा विचारावं. पण अंड्याची किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर बिडाचा मुरलेला तवा वापरू नका, त्याच्या तेलकट थरात आधीच्या पदार्थाचा अंश राहू शकतो. त्यासाठी तवा, डाव आणि कालथा वेगळा ठेवा, आणि तो दुसऱ्या कशालाच वापरू नका.