नीटचा फॉर्म भरण्याआधी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला कणकुंबीकडचा पाऊस. पुढे आशाताई, म्हणजे गावची सरकारी आरोग्यसेविका, आणि मागे पी.यु.सी.च्या दुसऱ्या वर्षातली (म्हणजे बारावीची), डॉक्टर व्हायचं म्हणून हे काम बघायला आलेली एक मुलगी, दोघी चिखल तुडवत चालल्या आहेत. त्यांना जायचंय त्या घरात सात दिवसांचं बाळ आहे. बाळंतपण दवाखान्यात झालं असलं, तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला बघणं हे आशाताईंचं काम.

ताई आधी साबणानं हात धुतात. मुलीलाही धुवायला लावतात. बाळाला झोळीत घालून काट्याला अडकवतात, वजन वहीत टिपतात. मग काखेत थर्मामीटर. शेवटी पोटावरचं दुपटं बाजूला करून म्हणतात, "आता तू श्वास मोज. घड्याळ मी धरतो."

नवजात बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. चार-पाच भराभर येतात, मग मध्येच थबकतो. त्यामुळं पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची सोय इथं नाही. मिनिटभर पोटावरची नजर हलवायची नाही. ६० किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, आणि पुन्हाही तेवढेच आले तर बाळाला दवाखान्यात हलवायचं. पहिल्या खेपेला मुलीची मोजदाद तुटली. दुसऱ्या खेपेला आले ४६. तोवर उंबऱ्याशी बसलेली बाळाची आजी स्वतःचा श्वास रोखून मुलीच्या तोंडाकडं बघत होती.

हा आकडा नीटच्या पेपरात कुणी विचारणार नाही. १८० प्रश्न, ७२० गुण आणि तीन तास, एवढ्यावर आपल्याकडं डॉक्टरकीचं दार उघडतं. अमेरिकेत मेडिकलला अर्ज करणारी मुलं रुग्णांसोबत काय काम केलं, कुठल्या डॉक्टरांच्या मागं राहून काय पाहिलं, ते अर्जात मांडतात. आपल्याकडं त्याला एकही गुण नाही. म्हणूनच बारावीच्या वर्षी कुणी आईबाप पोराला क्लास सोडून दवाखान्यात पाठवत नाहीत, आणि त्यात त्यांचं चुकतं असंही आम्हाला वाटत नाही. पण लातूर-कोल्हापूरला दोन-दोन वर्षं क्लास करून, घरचं सोनं गहाण ठेवून एम.बी.बी.एस.ला गेल्यावर, रुग्णाच्या जखमेचा वास पहिल्यांदा तिथंच यावा, हे मात्र आम्हाला पटत नाही. २०१९पासून नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच वर्षी रुग्णांशी गाठ घालून देतात, हे चांगलं झालं. तरीही तोवर प्रवेश झालेला असतो, फी भरलेली असते.

आता बेळगाव. सिव्हिल हॉस्पिटलची ओपीडी. खानापूर, निपाणी, थेट चंदगडहून आलेली माणसं सकाळपासून रांगेत आहेत. केसपेपर कुठं काढायचा, रक्त कुठं द्यायचं, गोळ्या कुठल्या खिडकीवर मिळतात, हे कन्नड न वाचता येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला समजत नाही. सीमाभागातल्या पोरांना मराठी घरातून मिळते आणि कन्नड शाळेतून. इथं ती दोन्ही कामाला येतात.

पायाला जखम झालेल्या एका आजोबांसोबत असाच मदतीला आलेला एक मुलगा उभा आहे. साखरेचा जुना त्रास. रांग सरकता सरकता आजोबा हळूच सांगतात, "गोळ्या बंद केल्यात बघ महिना झाला. पायच तेवढा दुखायलाय." आत डॉक्टर विचारतात तेव्हा तेच आजोबा मान डोलावतात, घेतो म्हणतात. साहेबांपुढं कबूल करायला माणूस लाजतो. मुलगा परस्पर सांगून टाकत नाही. वाकून कानाशी म्हणतो, "आजोबा, मघाशी मला सांगितलंत ते डॉक्टरांना सांगा की." आजोबा सांगतात. डॉक्टर पेन खाली ठेवतात आणि औषधाचं सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागतात. आमच्या मते त्या दिवशी मुलगा जे शिकला, ते आधी शिकायला मिळणं हा मोठा फायदा आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट हव्यात. इंजेक्शन द्यायचं नाही, टाके-ड्रेसिंगला हात लावायचा नाही, औषधाचा सल्ला तर मुळीच नाही. कुणी कौतुकानं 'कर की' म्हटलं तरी नाही. रुग्णाचा फोटो काढायचा नाही. गावातल्या कुणाला काय झालंय हे घरी, कट्ट्यावर बोलायचं नाही. छोट्या गावात एका टीबीच्या रुग्णाची बातमी फुटली की त्या घरातल्या मुलीचं लग्न अडतं. स्वतःसाठी हिपॅटायटिस बीची लस घ्या. तिचे तीन डोस साधारण सहा महिन्यांत पुरे होतात, म्हणून सुरुवात आधीच करा.

काही मुलं आठवड्याभरात ठरवतात की हे आपल्याला झेपणार नाही. चांगलंच आहे. कुणाला नर्सिंग भावतं, कुणाला फिजिओथेरपी, कुणाला लॅबमधलं काम. हे घरी सांगायला धीर लागतो, पण फी भरल्यावर सांगण्यापेक्षा सोपं जातं.

वेळ कधी काढायचा? पहिल्या पी.यु.सी.नंतरची सुट्टी आणि नीट झाल्यावर निकाल लागेपर्यंतचे दिवस. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज करा, कन्नडमध्ये. काय बघायचंय, किती दिवस यायचंय आणि कशाला हात लावणार नाही, तेही त्यात लिहा. सोबत कॉलेजचं पत्र आणि पालकांची सही जोडा. लसीकरणाच्या दिवशी केंद्रात गर्दी असते. अर्ज घेऊन त्या दिवशी जाऊ नका, आदल्या दिवशी जा.