ऐकलं असतं तर

नमस्कार श्रोतेहो.

आज अमेरिकेतल्या बाळंतिणींविषयी बोलायचंय. आकडे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी गोष्ट सांगायला मोकळी. 2023 साली तिथे दर 1 लाख जिवंत जन्मांमागे 14.5 गोऱ्या माता दगावल्या. आणि कृष्णवर्णीय माता? 50.3. पुन्हा सांगते, साडेचौदा आणि पन्नास. देश एक, आणि फरक तिपटीहून जास्त.

आता गोष्ट. टेनिसपटू सेरेना विल्यम्स तुम्हाला माहीत आहेच. जानेवारी 2017 मध्ये तिनं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, तेव्हा ती दोनेक महिन्यांची गरोदर होती! अंतिम सामन्यात समोर सख्खी बहीण. जाता जाता सांगते, समालोचक जन्मभर या बाईच्या दंडांवरच बोलत राहिले. ती डोक्यानं किती खेळायची, हे कुणी बोलेल तर शपथ. माझा जुना राग आहे हा. असो.

1 सप्टेंबरला मुलगी झाली. कळा येताना बाळाचे ठोके मंदावायला लागले म्हणून तातडीनं सिझेरियन. दुसऱ्या दिवशी सेरेनाला धाप लागली. तिला 2011 मध्ये फुप्फुसात रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या, त्यामुळे हे काय आहे ते तिनं लगेच ओळखलं. ऑपरेशनपायी रक्त पातळ ठेवणारं रोजचं औषधही बंद होतं. आई घाबरेल म्हणून ती ओली बाळंतीण खोलीबाहेर आली आणि धापा टाकत नर्सला म्हणाली, मला सीटी स्कॅन हवाय, आणि शिरेतून हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, आत्ता.

नर्सला वाटलं, वेदनेच्या औषधांनी ही भ्रमलीय.

सेरेना हटून बसली. मग डॉक्टर आले, आणि त्यांनी सोनोग्राफी केली पायांची! त्यात काही सापडलं नाही. ती म्हणतच होती, सीटी स्कॅन करा, सीटी स्कॅन. शेवटी केला. फुप्फुसात गुठळ्या होत्याच. तोवर खोकून खोकून टाके उसवले होते. पुन्हा ऑपरेशन, तर पोटात रक्त साकळलेलं. मग गुठळ्या वर फुप्फुसाकडे जाऊ नयेत म्हणून मोठ्या शिरेत जाळी बसवली. घरी आल्यावर सहा आठवडे ती अंथरुणातच होती.

पैसा होता, नाव होतं, आजाराची पुरती माहिती होती. तरी वाद घालावा लागला.

आणि ही एकटीची कथा नाही. तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं 2019 मध्ये मांडलेली आकडेवारी सांगते की पदवीधर कृष्णवर्णीय मातांमधलं मृत्यूचं प्रमाण शाळाही पुरी न केलेल्या गोऱ्या मातांपेक्षा जास्त आहे. म्हणजे नुसत्या गरिबीवर बोट ठेवून भागत नाही. 2016 च्या एका अभ्यासात निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आणि शिकाऊ डॉक्टरांच्या डोक्यात कृष्णवर्णीयांच्या शरीराबद्दल एक ना एक खुळी समजूत निघाली. कातडी जाड असते म्हणे! शिकलेल्या माणसाच्या अडाणीपणाला औषध नाही.

त्याच सरकारी आरोग्य यंत्रणेच्या म्हणण्याप्रमाणे गरोदरपणाशी जोडलेले 80 टक्क्यांहून जास्त मृत्यू टाळता येण्यासारखे असतात. शंभरातले ऐंशी, श्रोतेहो.

म्हणून तिथे बायकांना एक वाक्य सांगून ठेवतात. धाप लागली, छातीत दुखलं, डोकेदुखी थांबता थांबेना, तर कुठल्याही डॉक्टरसमोर पहिलं वाक्य हेच: मी गरोदर आहे, किंवा गेल्या वर्षभरात बाळंत झालेय. दुखणं काय आहे ते त्यानंतर. आधी हे वाक्य.

नमस्कार.