भिंत नेमकी किती जाड?

(दृश्य: षटकोनांची जाळी हळूहळू गुंडाळत नळी होते.)

ही जाळी कार्बनच्या अणूंची. शेजारच्या दोन अणूंमध्ये अंतर फक्त ०.१४२ नॅनोमीटर. ती गुंडाळून कडा जुळवल्या की झाली कार्बन नॅनोट्यूब. १९९१ साली सुमिओ इजिमा यांनी अशा नळ्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि अभियंत्यांना प्रश्न पडला: ही ओढली, दाबली, वाकवली तर काय होईल?

इतकी बारीक वस्तू पकडून ओढणं महाकठीण. म्हणून गणित संगणकावर मांडलं. प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांचं बल किती ते काढायचं, अणू किंचित सरकवायचा, पुन्हा बल काढायचं. अशी दहा लाख पावलं टाकावीत, तेव्हा कुठे सेकंदाचा एक अब्जांश भाग सरतो!

मग दुसरी वाट: अणू बाजूला ठेवायचे आणि नळीला पातळ कवच मानायचं. पण कवचाच्या सूत्राला भिंतीची जाडी लागते. एका अणूच्या थराची जाडी सांगायची तरी किती?

१९९६ मध्ये बोरिस याकोब्सन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही वाटा ताडून पाहिल्या. ताणणं आणि वाकणं, दोन्हींचा मेळ बसवायला जाडी धरावी लागली ०.०६६ नॅनोमीटर, यंग मापांक, म्हणजे पदार्थाच्या ताठरपणाचं माप, निघाला ५.५ टेरापास्कल (एक टेरापास्कल म्हणजे हजार गिगापास्कल; पास्कल हे दाबाचं आणि ताणाचं एकक). ग्रॅफाइटच्या थरांमधलं ०.३४ नॅनोमीटर अंतर हीच जाडी मानली, तर मापांक साधारण एक टेरापास्कलवर उतरतो. नळी मात्र तीच.

याचं कारण फार सुंदर आहे. पत्रा वाकला की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. एकाच अणूच्या थरात असं आत-बाहेर काही नसतंच. तिथे वाकण्याला विरोध होतो तो बंधांच्या कोनांमुळे. म्हणून नॅनोट्यूबच्या ताठरपणाचा आकडा ऐकला, की जाडी किती धरली हे आधी विचारावं. भरवशाचा आकडा म्हणजे जाडी आणि मापांक यांचा गुणाकार. तो दोन्हीकडे जवळपास सारखाच येतो.

(दृश्य: दोन्ही टोकांकडून दाबली जाणारी नळी.)

आता हे पाहा. लांबी सुमारे पाच टक्के घटली आणि नळी एकदम चपटली. कवचाचं साधं सूत्रही हा क्षण जवळपास हाच सांगतं.

तुटण्याचं गणित मात्र वेगळं. २००० साली रॉडनी रुऑफ यांच्या गटाने बहुथरी नळ्या प्रत्यक्ष ओढल्या. बाहेरचा थर ११ ते ६३ गिगापास्कलला तुटला. निर्दोष जाळीचं गणित शंभरच्या आसपास जातं. म्हणून खऱ्या नळीतल्या दोषांची नक्कल करायला मॉडेलमधल्या जाळीतून एखादा अणू मुद्दाम काढतात, आणि तडा कुठून सुरू होतो ते बघतात.