नवा डीएसएलआर घ्यायचा? आधी तक्रार नेमकी सांगा

(नागपुरात हौशी छायाचित्रकारांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागे बरेच जण उभे आहेत, म्हणून प्रस्तावना गाळतो आणि थेट बाजारापासून सुरू करतो. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा.

निकॉनचे डी७८० आणि डी६ आले २०२०च्या सुरुवातीला. कॅननचे वन-डीएक्स मार्क थ्री आणि ८५०डी हेही त्याच सुमाराचे. त्यानंतर या दोन्ही कंपन्यांनी एकही नवा डीएसएलआर काढलेला नाही, सगळा जोर मिररलेसवर, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांवर. पेंटॅक्स तेवढा हट्टाने आरशाचे कॅमेरे बनवत राहिला, पण आपल्याकडे त्याचं बस्तान कधी बसलंच नाही. म्हणजे आज तुम्ही जो डीएसएलआर नवा म्हणून घरी आणाल, तो २०२० किंवा त्याआधीचं मॉडेल असणार आणि बहुतेक वेळा कोणाच्या तरी हाताखालून गेलेला असणार. मला यात वाईट काही वाटत नाही. ज्या बॉड्या, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे, आपण सीताबर्डीच्या दुकानांत काचेबाहेरून बघायचो, त्या आता आवाक्यात आल्यात. प्रश्न एवढाच, की त्यावर पैसे टाकून तुमचे फोटो सुधारतील का?

याचं उत्तर तुमच्या हार्ड डिस्कवरच आहे. मागच्या वर्षभरातले फसलेले फोटो उघडा. बहुतेक जण ते पुसून टाकतात आणि चांगले तेवढे ठेवतात. मग अडचण कुठे आहे ते कळणार कसं? लाइटरूम हे फोटोंचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर लायब्ररीत मेटाडेटाचा फिल्टर लावा. कोणत्या लेन्सने किती, कोणत्या आयएसओला (कमी उजेडात फोटो उजळ करणारं सेटिंग) किती, कोणत्या शटरला (ते किती वेळ उघडं राहतं) किती, सगळा हिशेब समोर येतो. मग तक्रार एका वाक्यात लिहा. ‘कॅमेरा जुना झाला’ ही तक्रार धरायची नाही. ‘संध्याकाळी लॉनवर पोरं पळतात तेव्हा चेहरे पुसट येतात’, ही तक्रार. हे वाक्य लिहिता येत नसेल तर पाकीट खिशातच राहू द्या.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘फोटो शार्प येत नाही’. यावर थोडा वेळ घालवतो, कारण यात चार वेगवेगळे रोग एकाच नावाने फिरतात. सगळा फोटो एका दिशेने ओढल्यासारखा दिसत असेल तर हात हलला. मागची भिंत चोख आणि माणूस पुसट असेल तर माणूस हलला, शटर कमी पडलं. कान चोख आणि डोळा मऊ असेल तर फोकस चुकला. आणि काहीच कुठे चोख नसेल, ट्रायपॉडवरसुद्धा नसेल, तर लेन्सकडे बघा. पहिल्या दोन रोगांवर नवी बॉडी हे औषधच नाही.

तिसऱ्याची गंमत अशी, की डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो. आरशामागे एक छोटा दुय्यम आरसा असतो, तो प्रकाश खाली पाठवतो आणि तिथे फोकस मोजला जातो. फोटो मात्र दुसऱ्याच सेन्सरवर उमटतो. या दोन वाटांच्या लांबीत केसभर फरक पडला, की प्रत्येक फोटोत फोकस थोडा पुढे किंवा थोडा मागे बसतो. घरी तपासता येतं. वर्तमानपत्र तिरपं टेकवून ठेवा, कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्स पूर्ण उघडी. एक फोटो डोळा लावून व्ह्यूफाइंडरमधून काढा. मग लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं दृश्य, सुरू करून त्याच ओळीवर फोकस करा आणि दुसरा काढा. लाइव्ह व्ह्यूचा चोख आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला, तर लेन्स बरी आहे, हातही बरा आहे; जुळणी बिघडली आहे. निकॉनचे डी७०००, डी७२००, कॅननचे ७०डी, ८०डी यांत ही जुळणी मेनूतून स्वतः करता येते. निकॉन डी९०, कॅनन ६०डी आणि खालच्या मालिकांत ती सोय नाही, तिथे सर्व्हिस सेंटर. पण निदान नवा कॅमेरा घेण्याआधी रोग तरी कळतो.

दुसरी मोठी तक्रार, ‘रवा येतो’. अंधारातले फोटो दाणेदार. इथे ताडोबाचंच उदाहरण घेऊ, कारण निम्मी मंडळी त्यासाठीच आलीत, मला ठाऊक आहे. डिसेंबरची पहाट, जिप्सी गेटातून आत शिरली, झाडाखाली अजून उजेड पोहोचलेला नाही. तुमच्याकडे ७०-३०० मिमीची लेन्स आहे, ३००ला ती एफ/५.६ देते (एफचा आकडा मोठा, तेवढा उजेड कमी). वाघ चालतोय, म्हणून शटर १/५०० हवं. आयएसओ सहज ६४००वर जातो. आता तीन वाटा आहेत. नवी क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची बॉडी: अशा दोन लागोपाठच्या पिढ्यांमध्ये रव्यात अर्ध्या स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त फरक क्वचितच पडतो. एफ/२.८ची लेन्स: पुरे दोन स्टॉप, म्हणजे तोच फोटो १६००वर. पण ३०० एफ/२.८ची किंमत विचारून बघा, मग बोलू. तिसरी वाट फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची बॉडी. सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन पटीहून जास्त, त्यामुळे एका स्टॉपहून थोडा अधिक फायदा. मात्र निकॉनच्या क्रॉप बॉडीवर तुमची ३०० ही ४५०सारखं दृश्य देत होती, फुल फ्रेमवर ती ३००च राहिली. वाघ फ्रेममध्ये लहान झाला, तुम्ही घरी येऊन फोटो कापला, आणि कापताना तो फायदा गेला. जंगलासाठी फुल फ्रेम घ्यायची तर सोबत लांब लेन्सचाही खर्च धरा. पहिली वाट दुकानदार सांगतो, तिसरी यूट्यूबवाले सांगतात. दुसरी कोणी सांगत नाही, कारण ती परवडत नाही.

चौथीही एक आहे, तिला बॉडी लागत नाही. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलीत, फोटो काढा. एप्रिल २०२३पासून लाइटरूममध्ये एआयवर चालणारं, रवा घालवणारं डीनॉइज आलंय. ते जुन्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइलींवरही चालतं. आधी तुमचे जुने ६४००चे फोटो त्यातून काढून बघा, मग बॉडीचं बोला. जेपेग काढत असाल तर मात्र हा दरवाजा बंद.

ताडोबाच्याच ओघात उन्हाळ्याचंही सांगून टाकतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर रस्त्यावरची हवा लहरू लागते. शंभर मीटरवरच्या वाघिणीचे पट्टे लांब लेन्समधून पाण्याखाली असल्यासारखे दिसतात. आपल्या नागपूरच्या उन्हापुढे कॅनन, निकॉन, सोनी सगळे सारखेच. तो फोटो जवळूनच किंवा सकाळीच मिळतो.

मेगापिक्सेलचं पटकन उरकतो. १२ मेगापिक्सेलवरून २४वर गेलात तर लांबी-रुंदी दुप्पट होत नाही, १.४ पट होते. डी९०ची फाइल ४२८८ बाय २८४८ पिक्सेलची, ३०० डीपीआयने छापली तरी चौदा इंचांहून मोठी निघते. व्हॉट्सअॅपवर पाठवायला, घरच्या अल्बमला, भिंतीवरच्या फ्रेमला ती पुरते. लग्नाचे मोठे अल्बम करणारे आणि खूप कापणारे, त्यांनाच जास्त पिक्सेल लागतात. आणि ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घरी आणलात तर महिन्याभरात लॅपटॉप बदलायची पाळी येते, तो खर्च आधीच धरा.

उलट काही बदल आकड्यांत दिसतच नाहीत. कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू २१.१ मेगापिक्सेलचा, २००८चा. मार्क थ्री २०१२चा, २२.३चा. कागदावर म्हणाल, एवढ्यासाठी? पण फोकसचे पॉइंट ९वरून ६१ झाले. ज्यांनी दोन्हींवर वरात टिपली आहे त्यांना विचारा, दोन वेगळी हत्यारं आहेत. निकॉन डी७१०० घ्या. सेन्सर छान, पण बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत धरून ठेवणारी जागा) एवढा तोकडा, की रॉमध्ये सलग काढायला गेलं तर सेकंदाभरात कॅमेरा धापा टाकायला लागतो. वाघ रस्ता ओलांडतो त्या नेमक्या क्षणी. डी७२००त तो सुधारला, डी७५००त सलग ५० रॉ निघतात. बफर हीच तुमची तक्रार असेल तर डोळे झाकून बदला.

पण त्याच डी७५००त डी७२००च्या तुलनेत काय गेलं तेही ऐका. कार्डाचा दुसरा खण गेला. मेगापिक्सेल २४.२वरून २०.९ झाले. जुन्या मॅन्युअल लेन्सवर उजेड मोजणारा मीटर चालेनासा झाला. हौशी माणसाला याचं काही नाही. लग्नं करणाऱ्याला मात्र एका कार्डावर अख्खं लग्न सोडणं परवडत नाही. कार्ड मेलं तर सप्तपदी परत घालायला सांगणार आहात का?

एक खास आपल्या गावची गरज. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. इतवारी-महालच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. काळी, पिवळी मारबत आणि बडगे सगळे माणसांच्या डोक्यांवरून दिसतात. तिथे डोळा लावून फोटो काढणारा फक्त पुढच्याचं डोकं काढतो. हात वर करून स्क्रीनवर बघूनच काढावं लागतं. डी७२००चा स्क्रीन हलत नाही, आणि निकॉनच्या क्रॉप डीएसएलआरचा लाइव्ह व्ह्यूतला फोकस एवढा रेंगाळतो, की तोवर मारबत पुढच्या चौकात पोहोचते. कॅनन ७०डी, २०१३चा, त्यात ड्युअल पिक्सेल, म्हणजे लाइव्ह व्ह्यूत चटकन बसणारा फोकस आला आणि स्क्रीनही फिरतो. गर्दीतले सण हाच तुमचा विषय असेल तर या एका कारणासाठी बदल करायला माझी हरकत नाही. काळ्या मारबतीचा चेहरा भुरका येतो ही तक्रार मात्र कॅमेरा बदलून जाणार नाही. अंधाऱ्या रंगाने फ्रेम भरली की मीटर फसतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) एक स्टॉप खाली घ्या.

‘मग थेट मिररलेसच का नाही?’ मधल्या रांगेतून प्रश्न आलाय, येणारच होता. बजेट असेल आणि लेन्स दोन-तीनच असतील, तर हो, तिकडेच जा. फोकस फोटोच्याच सेन्सरवर मोजला जातो, त्यामुळे मघाशी सांगितलेला जुळणीचा रोग जवळपास संपतो. कॅमेरा समोरच्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवतो. उजेड कमी-जास्त झाला ते बटण दाबायच्या आधी दिसतं. पण लेन्सचा संसार मोठा असेल तर थांबा. कॅननच्या ईएफ लेन्स अॅडॉप्टरवर (जुनी लेन्स मिररलेसला जोडणारा तुकडा) बिनतक्रार चालतात, कारण मोटर लेन्समध्येच असते. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना बॉडीतली मोटर फिरवते, आणि निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरमध्ये ती मोटर नाही. म्हणजे तुमची लाडकी ५० एफ/१.८ डी हाताने फोकस करावी लागणार. बॅटरीचं म्हणाल तर डी७२०० मानक चाचणीत १११० फोटो देतो, निकॉनचाच मिररलेस झेड५० तीनशेच्या आसपास. जंगलात खिशात दोन बॅटऱ्या हव्यात. आणि मंगलाष्टकांच्या वेळी सायलेंट शटर लावून खूश होऊ नका. हॉलच्या एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे येतात का, ते आधी तपासा.

जुना घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. निकॉनच्या फाइलीत शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा चाललं तो आकडा, सापडतो, कॅननच्या बहुतेक मॉडेलांत सहज सापडत नाही. डी७२००चं शटर दीड लाख फोटोंपर्यंत तपासलेलं आहे, त्या अंदाजाने भाव करा. एफ/१६ला आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ लगेच दिसते. आपल्याकडची हवा कोरडी, तरी मुंबई-कोकणातून आलेली लेन्स असेल तर टॉर्च मारून आरपार बघा, बुरशीचं जाळं दिसलं तर ती परत द्या. बिल मागा. ‘बिल नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडे कॅमेराही नंतरच घ्या.

शेवटची चिठ्ठी घेतो. एका ताईंनी लिहिलंय: ‘माझ्याकडे कॅनन १२००डी आणि ५५-२५० एसटीएम आहे. अंबाझरी तलावावर पक्षी काढते. बसलेले चांगले येतात, उडणारे निसटतात. सेव्हन-डी मार्क टू जुना मिळतोय, घेऊ का?’ ताई, तुम्ही आजच्या सभेतली सगळ्यात नेमकी तक्रार लिहून आणलीत. बसलेला खंड्या लहान दिसतो म्हणाला असतात, तर मी लेन्स घ्या म्हटलं असतं. तुमचा खंड्या झेपावतो आणि कॅमेरा मागे राहतो. १२००डी सेकंदाला ३ फोटो काढतो, फोकसचे पॉइंट ९. सेव्हन-डी मार्क टू १० काढतो, पॉइंट ६५. घ्या. शटर किती चाललंय ते सर्व्हिस सेंटरकडून तपासून घ्या. लेन्स तीच चालेल, एसडी कार्डंही चालतील. बॅटरी मात्र वेगळी आहे; जुन्या दोन्ही बॅटऱ्या १२००डीसोबतच विकून टाका.