साठ गोळ्यांची डबी

श्रोतेहो, नमस्कार. माझी बरीच वर्षं औषधाच्या दुकानात गेली. चिठ्ठी पुढे करून माणूस आधी किंमत विचारतो, आणि मग हळूच म्हणतो, "दहा नकोत, चारच द्या." पट्टीवर कात्री चालवताना माझा हात जड व्हायचा. म्हणूनच आज आफ्रिकेतल्या एका औषधधंद्याविषयी सांगावंसं वाटतं. त्याचं मूळ आपल्या मुंबईत आहे.

२००० च्या सुमारास एचआयव्हीच्या तीन औषधांना माणशी वर्षाला १०,००० ते १५,००० डॉलर पडत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला तीच औषधं ३५० डॉलरला देऊ केली. म्हणजे दिवसाला एक डॉलरसुद्धा नाही!

हे शक्य झालं आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यामुळे. पेटंट औषधाला नाही, ते बनवण्याच्या पद्धतीला. म्हणजे वेगळ्या पद्धतीने तेच औषध दुसऱ्यालाही बनवता यायचं. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन, नेव्हिरापिन ही औषधं परदेशात तीन वेगळ्या कंपन्यांच्या ताब्यात होती. ती एका गोळीत आणणार कोण? सिप्लाने आणली. सकाळी एक, संध्याकाळी एक. मला तर किमतीइतकंच हेही मोठं वाटतं, कारण मूठभर गोळ्या वेळेवर घेणं किती अवघड असतं ते मी पाहिलंय.

२००५ मध्ये आपल्याकडे औषधांनाही पेटंट लागू झालं. अतिगरीब देशांना मात्र जागतिक व्यापार संघटनेची सूट होती, आणि युगांडा त्यातला एक. तिथे कंपालातल्या लुझिरा भागात सिप्लाने क्वालिटी केमिकल्स या स्थानिक कंपनीच्या भागीदारीत कारखाना उभारला. २००७ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पण हा धंदा सोपा नाही हो. गिऱ्हाइकं मोजकीच, सरकारं आणि गरीब देशांच्या औषधांसाठी पैसा देणाऱ्या ग्लोबल फंडासारखे निधी. आधी जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळवायची, मग टेंडर भरायचं. कच्चा माल समुद्रापार केनियातल्या मोंबासा बंदरात उतरवून ट्रकने आणायचा. वर भारतातून तयार येणाऱ्या स्वस्त गोळीशी टक्कर द्यायची. एखादं मोठं टेंडर हातचं गेलं, की यंत्रं थांबलीच.

२०२३ मध्ये सिप्लाने तिथला आपला हिस्सा विकला. कारखाना आजही आहे.

त्या तीन-औषधी गोळ्या साठच्या डबीत मिळायच्या. रोज दोन, महिनाभर. तिथे कात्रीचं काम नव्हतं.